तांबटाच्या घरातले चौघे

"काका, ते क्रूस नाहीतच मुळी," मी म्हणाले. "ते प्लेगचे शिक्के आहेत."

एलियाकाका बोर्डे यांच्या हातातली चहाची बशी तोंडाजवळ जाऊन थांबली. पाळकसाहेब आढावांनी चष्मा काढून उगाचच पुसायला घेतला. बाकीचे तीन पंच एकमेकांकडे बघू लागले. ओसरीच्या टोकाला सगुणाआत्या प्रभुभोजनाची पितळी ताटं चिंचेनं घासत बसली होती. तिचा हात तेवढा चालू राहिला.

मी तेव्हा चोवीस वर्षांची होते. पुण्याहून इतिहास घेऊन एम. ए. होऊन आले होते, गावच्या हायस्कुलात नोकरीला लागले होते, आणि आपल्याला जे कळलं ते त्याच दिवशी सगळ्या जगाला कळलं पाहिजे अशी माझी पक्की समजूत होती. आज पासष्टी गाठल्यावर तो बुधवार आठवला की वाटतं, तेव्हा कुणीतरी माझ्या तोंडावर हात ठेवायला हवा होता.

आमचं चर्च म्हणजे मुळात एक राहतं घर. मनोरा नाही, रंगीत काचा नाहीत. नगर जिल्ह्यातलं आमचं तालुक्याचं गाव, त्यातली तांबट आळी, तिच्या तोंडाशी हे घर. दोन दालनांमधली भिंत पाडून केलेली एक लांबट खोली आणि पुढे ओसरी. पुरुष बसायचे त्या बाजूला फरशीला एक गोल ठिगळ होतं, तिथे पूर्वी भट्टी होती म्हणत. टांगेवाल्याला 'चर्च' म्हटलं तर तो डोकं खाजवायचा, 'तांबटाचं घर' म्हटलं की बरोबर दारात आणून सोडायचा. तांबट हे कुणा गोऱ्या साहेबाचं आडनाव असावं, असं मी पाचवीपर्यंत समजत होते.

ओसरीतून आत शिरताना दाराच्या उजव्या हाताला भिंतीवर ते चार क्रूस होते. तळहाताएवढी तांबडी वर्तुळं आणि प्रत्येकात एक उभी, एक आडवी रेघ, जरा कलती. तीन एका ओळीत, मोठ्या माणसाच्या डोक्याच्या उंचीला. चौथा मात्र पार खाली, कमरेच्याही खाली, आणि इतरांपेक्षा लहान. चर्चच्या पहिल्या पाद्रीसाहेबांनी घराचं समर्पण केलं तेव्हा चार शुभवर्तमानांची खूण म्हणून ते काढले, असं आम्हाला सांगत. रविवारच्या शाळेत आम्ही शुभवर्तमानांची नावं त्यांच्यावरच शिकलो. उड्या मारून वरच्या तिघांना हात लावायचा, "मत्तय! मार्क! लूक!" आणि मग खाली वाकून सगळ्यांनी मिळून जोरात, "योहान!" योहान ओरडूनच म्हणायचा असा नियम होता. तो खाली का, तर शिष्यांत धाकटा म्हणून. सगळ्यांत लहान पोराचाही हात त्याला पुरायचा, म्हणून योहान सगळ्यांचा लाडका.

दरवर्षी ईस्टरच्या आधी भिंतींना चुना दिला की सगुणाआत्या वाटीत गेरू कालवून ते चारही क्रूस पुन्हा उजळायची. हा मान तिचा होता, तिच्याआधी तिच्या आईचा, राहेलबाईचा. दुसऱ्या कुणी वाटीला हात लावला तर आत्या तो हात बाजूला करायची. तिला मूलबाळ नव्हतं, नवरा कधीच गेला होता. चर्चची झाडलोट आणि पितळेची भांडी एवढाच तिचा संसार.

ब्याऐंशी साली चर्चला पंचाहत्तर वर्षं होत होती. मे महिन्यातल्या पहिल्या रविवारी मोठी उपासना ठरली, नगरहून, पुण्याहून पाहुणे येणार होते. स्मरणिकेसाठी 'घराचा इतिहास' लिहायचं काम पंचांनी माझ्यावर टाकलं, आणि मी माहिती गोळा करत गोविंदराव कुलथ्यांकडे पोचले. ते म्युनिसिपालिटीत देवी टोचायचे, वय चौऱ्याऐंशी. अंगणात खाटेवर ऊन खात पडले होते.

"त्या फुल्या अजून आहेत का गं?" त्यांनीच मला विचारलं. "आमच्या वडलांच्या हातच्या आहेत त्या. प्लेगात मुकादम होते ते. घरात माणूस दगावलं की दाराशी एक वाटोळं काढायचं आणि आत फुली, म्हणजे लोक लांबून जातील. त्या घरात चार गेले होते."

मी जागेवरून जवळजवळ उडालेच. त्यांना आणखी काही सांगायचं होतं, पण मला कुठला धीर! मी वही मिटली, चहाही न घेता निघाले आणि थेट पंचांच्या बैठकीत येऊन बसले. तिथे ऑइलपेंटचा विषय चालू होता; त्यापायी यंदाचा ईस्टरचा चुना आणि गेरू राहूनच गेला होता. क्रूस पेंटरकडून सोनेरी रंगात काढून घ्यावेत असं एलियाकाका म्हणत होते. तेव्हा मी ते वाक्य टाकलं.

एलियाकाका पंचांचे अध्यक्ष. रेल्वेत गार्ड म्हणून तीस वर्षं काढलेला माणूस, त्यांच्या शिट्टीशिवाय आमच्या चर्चमध्ये काही हलत नसे. बशी खाली ठेवून ते म्हणाले, "म्हणजे पंचाहत्तर वर्षं आपण पोरांना प्लेगवर बोट ठेवून शास्त्र शिकवलं?"

"तसं म्हणता येईल," मी म्हणाले. मला वाटतं मी थोडी हसलेही.

"मग हे आधी निघालं पाहिजे. पाहुण्यांसमोर शोभा नको. शुक्रवारी गवंडी बोलावतो. तेवढा गिलावा खरवडायचा आणि नवा मारायचा."

"काका, ठेवले तरी काय बिघडलं? ऐतिहासिक पुरावा आहे तो."

"इतिहास तू कागदावर लिही. भिंत पंचांच्या ताब्यात आहे."

कुणी विरोध केला नाही. आत्यानं ताटं धुतली, पुसली, कपाटात ठेवली. एरवी ती घरी जाताना प्रत्येकाला नावानं सलाम करायची. त्या दिवशी ती पदर खोचून तशीच निघून गेली. हे माझ्या लक्षात आलं, पण मी त्याचा विचार केला नाही.

दुसऱ्या दिवशी, गुरुवारी दुपारी, मी दारावरच्या दगडी पाटीचा मजकूर उतरवून घ्यायला गेले. ओसरीत सगुणाआत्या भिंतीला टेकून जमिनीवर बसली होती, अगदी चौथ्या क्रुसाजवळ. तिचा एक तळवा त्याच्यावर होता.

"आत्या, घरी चला. ऊन केवढं चढलंय."

"उद्या येनार ना गवंडी?"

"हो."

"मग आज बसू दे मला."

मी तिच्या शेजारी बसले आणि तिला समजावू लागले. खरं काय ते लोकांना कळायला हवं, खोट्यावर श्रद्धा बरी नव्हे, आपण शिकलेली माणसं. एवढं मोठं व्याख्यान मी वर्गातसुद्धा दिलं नसेल. तिनं ते सगळं ऐकून घेतलं. माझं संपल्यावर म्हणाली, "गोविंदरावानं तुला चार गेले म्हनून सांगितलं. कोन चार, ते सांगितलं?"

"नाही."

"तू इचारलं व्हतं का?"

मी विचारलं नव्हतं. मला शिक्के सापडले होते, माणसांची मला आठवणही झाली नव्हती.

आत्यानं तोंड वर केलं आणि वरच्या क्रुसांकडे एकेक करून बोट दाखवलं. "ह्यो माझ्या आईचा आजा, केरू. ह्यो आईचा बाप, म्हाळू. ही आईची आई, भिवरा. तांबट व्हते. ह्ये घर त्यांचं. आठ दिसांत तिघं गेली."

"राहेलबाई? त्या तर मिशनच्या अनाथ..."

"अनाथच की. राहेल मागून झाली. तवा तिचं नाव सोनी. सहा वर्सांची व्हती."

ओसरीच्या पायरीवर एक कुत्रं येऊन बसलं होतं, मी त्याच्याकडेच बघत राहिले.

"आणि हा?" मी शेवटी तिच्या तळव्याकडे बघून विचारलं.

"भाऊ. दोन महिन्यांचा व्हता. आई मेल्यावर चार दिस सोनीनं त्याला चमच्यानं पानी पाजलं. पाचव्या दिशी त्यो बी गेला." ती पुढे म्हणाली, "मुकादम चौथ्या बारीला आला. कुंचला घेऊन वर, त्या तिघांच्या रांगेत काढाया लागला. तर ही दारात हुबी. म्हनली, 'तितं नगं. खाली काढा. माझा हात पुरत नाय.'"

मी रडले. लपवण्यात अर्थ नाही, चांगली हुंदके देऊन रडले. आत्या मात्र शांत होती. तिच्याजवळ ही गोष्ट फार जुनी होती.

"त्यांची माती कुठं केली, ते ठावं नाय," ती म्हणाली. "मुनशिपालटीची गाडी घेऊन गेली. नदीपल्याड चुलते व्हते, कुनी आलं नाय. भ्याले आसतील, आईनं त्यांना कदी दोष दिला नाय. ह्या घरात पाय टाकाया कुनी तयार नव्हतं, म्हनून तर मिशनला मिळालं. मार्थाबाई म्हनून बायबलवाल्या बाई व्हत्या, त्यांनी सोनीला ठेवून घेतलं. चुनेवाला आला त्या दिशी सोनी हितंच आशी बसली, उठंच ना. साहेबानं इचारलं, काय हाय हे? मार्थाबाई म्हनल्या, क्रूस हायेत साहेब, ऱ्हाऊ द्या. आई म्हनायची, बाई जन्मात एकदाच खोटं बोलली."

"आणि साहेबांना खरं वाटलं?"

"वाटलं कसलं! प्लेग त्यानं बी पायला व्हता. त्यानं डोक्यावरची टोपी काढली आन् चुनेवाल्याला म्हनला, एवढं सोडून बाकी दे."

"आत्या, इतकी वर्षं तुम्ही कुणाला सांगितलं का नाही?"

"सांगितलं आसतं तर उद्याचा गवंडी तवाच आला आसता," ती म्हणाली.

मी उठले. आत्ताच्या आत्ता एलियाकाकांकडे जाते म्हटलं. तिनं माझा हात धरला. "नगं. त्यांना सांगशील, ते कीव करतील. मग कीव म्हनून ठिवतील. माझ्या आईनं जलमभर कीव नाय घेतली कुनाची."

मग मला यादी आठवली. आमच्याकडे वर्धापनाच्या उपासनेत आठवणीची यादी वाचतात. घर घेतल्यापासून मंडळीतली जी जी माणसं देवाघरी गेली, त्या सगळ्यांची नावं, पहिल्यापासून. ज्याच्या घरातलं नाव येईल, त्या घरानं उठून उभं राहायचं. माणूस गेलं तरी त्याच्यासाठी कुणीतरी उभं आहे, एवढाच त्याचा अर्थ. आत्या दरवर्षी दोनदा उठायची, एकदा आईसाठी, एकदा नवऱ्यासाठी. त्या वर्षी यादी वाचायचं काम माझ्याकडे होतं.

"आत्या, यादीत ही नावं वाचू?"

"ते आपल्यातले नव्हते, पोरी. बाप्तिस्मा नव्हता त्यांचा."

"पण घर त्यांचं होतं ना?"

तिनं पदरानं चौथ्या क्रुसावरची धूळ टिपली. "वाच," ती म्हणाली.

"या बाळाचं नाव काय लिहू?"

"बारसं व्हायचं ऱ्हायलं व्हतं त्याचं," आत्या म्हणाली आणि उठून घरी गेली.

संध्याकाळी मी एलियाकाकांच्या घरी गेले. आत्याबद्दल अवाक्षर काढलं नाही. म्हटलं, "काका, शुक्रवारी गिलावा केला तर रविवारपर्यंत वाळायचा नाही. दारातच आहे. पाहुण्यांच्या पांढऱ्या कपड्यांना सिमेंट लागेल."

काकांनी कपाळाला आठ्या घातल्या. सुटणारी गाडी थांबवावी लागली की गार्डाचा चेहरा असाच होत असणार. "मग सोमवारी," ते म्हणाले. "तोवर स्वागताचं कापड लाव त्यावर. काही दिसता कामा नये."

पाळकसाहेबांना मात्र मी सगळं सांगितलं. त्यांना न सांगता यादीला हात लावणं बरोबर नव्हतं. त्यांनी ऐकलं, पुन्हा चष्मा पुसला. "यादीत नावं घालायची तर पंचांचा ठराव लागतो," ते म्हणाले. मग चष्मा नाकावर चढवून म्हणाले, "पण यादी तू टाईप करतेस. मी काही ती तपासत बसत नाही."

रविवारी घरात पाय ठेवायला जागा नव्हती. पुढे सतरंजीवर मुलं, उजवीकडे बायका, डावीकडे पुरुष, पाहुण्यांना खुर्च्या. पेटी, तबला, टाळ. उपदेश लांबला, लहान मुलं पेंगायला लागली. मग मी यादी घेऊन उभी राहिले. एलियाकाका पहिल्या खुर्चीवर, कोटाची सगळी बटणं लावून बसले होते.

नेहमी यादीची सुरुवात मार्थाबाईंपासून होते. मी म्हणाले, "मार्थाबाईंच्या आधी या घरात चार माणसं राहत होती. ती इथेच प्लेगात गेली. दाराजवळच्या चार खुणा त्यांच्या आहेत. त्यांची आठवण आपण आजवर केली नव्हती. पहिली खूण, केरू तांबट."

कुजबूज झाली. एलियाकाकांची मान झटक्यात वर आली. आणि बायकांच्या बाजूला, भिंतीच्या कडेला, सगुणाआत्या काठी टेकून उभी राहिली.

तिला एकटीला उभी बघून कुजबूज थांबली. लोकांना काय समजायचं ते हळूहळू समजू लागलं असावं. माझ्या आईनं तोंडावर हात ठेवलेला मला दिसला.

"दुसरी खूण, म्हाळू तांबट. तिसरी, भिवरा, त्याची बायको."

आत्या उभीच होती. तिची नजर माझ्यावर नव्हती, दाराकडे होती, जिथे त्या स्वागताच्या कापडामागे ते चौघे होते.

"चौथी खूण..." मी म्हणाले आणि अडले. तीन रात्री विचार करूनही मला शब्द सापडला नव्हता. कागदावर मी 'त्यांचं बाळ' असं लिहिलं होतं, आणि आता ते माझ्या तोंडून निघेना. बारसं न झालेल्या त्या जिवाला असं नुसतं 'बाळ' म्हणून पुन्हा खाली ठेवून द्यायचं, हे मला जमेना. सगळं घर वाट बघत होतं.

तेवढ्यात पुढच्या सतरंजीवरून, पेंगणाऱ्या, अर्धवट जाग्या झालेल्या, पहिली खूण, दुसरी खूण, तिसरी खूण ऐकून सवयीनं तयार झालेल्या पंधरा-वीस मुलांनी एकदम ओरडून सांगितलं, "योहान!"

कुणी हसलं नाही. आत्याच्या हातातली काठी खाली पडली. तिनं दोन्ही हात तोंडाशी नेले, आणि मग सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "व्हय. योहान. माझा मामा."

पुरुषांच्या बाजूला खुर्ची सरकली. एलियाकाका उठले होते. मला वाटलं, आता माझं काही खरं नाही. ते मागे वळले आणि प्लॅटफॉर्मवरच्या आपल्या आवाजात म्हणाले, "बसलात काय? यांच्याच घरात बसलो आहोत ना आपण? उठा!"

सगळं घर उठलं. पाहुणेही उठले, त्यांना काय चाललंय ते अजून पुरतं कळलं नसावं. मी यादी पुढे वाचली. माझा आवाज कसा होता ते मला आठवत नाही.

सोमवारी गवंडी आला. एलियाकाकांनी त्याला मागच्या नळाचा ओटा दुरुस्त करायला लावला आणि स्वागताचं कापड स्वतः स्टुलावर चढून काढलं. आत्याकडे बघून ते एवढंच म्हणाले, "सगुणाबाई, गेरू कधी लावता? यंदा राहिलाय." तिनं त्याच संध्याकाळी लावला. वाटी धरायला तिनं मला बोलावलं.

आत्या जाऊन आता अठ्ठावीस वर्षं झाली. यादीत तिचं नाव आलं की मी उभी राहते. गेरूची वाटी माझ्याकडे आहे. वरच्या तिघांसाठी हात उचलला की खांदा दुखतो, आणि योहानासाठी खाली बसलं की गुडघे उठू देत नाहीत, मग कुणाला तरी हाक मारावी लागते. शुभवर्तमानांची नावं आता मुलं फळ्यावर शिकतात. भिंतीपाशी ती दुसरी नावं म्हणतात, उड्या मारून, "केरू! म्हाळू! भिवरा!" आणि मग खाली वाकून, पूर्वीसारखंच ओरडून, "योहान!"

गेल्या ईस्टरला मी चौथ्या खुणेला गेरू लावत होते. नुकतंच चालायला लागलेलं एक पोरगं आईचा हात सोडून भिंतीपाशी आलं. गेरू ओला होता, त्याची आई ओरडली, पण मी तिला थांबवलं. त्यानं हात लांब केला, टाचा उचलल्या, जरा आणखी उचलल्या. हात पुरला.